खालची पट्टी

सकाळी खिडकीची काच थरथरली की ती उठायची. समोरच्या रस्त्यावरून दुधाची गाडी जाई आणि तिच्या चाकांचा हादरा आधी काचेला, मग कपाटातल्या कपबश्यांना आणि शेवटी तिच्या पलंगाच्या लोखंडी दांडीला पोचे. आजही तसेच झाले. ती उठली, पांघरुणाची घडी घातली, शेगडी पेटवली, एका बाजूला चहाचे आधण आणि दुसऱ्या बाजूला सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी शेकायचे पाणी ठेवले. आतल्या खोलीतून खोकला आला आणि त्यामागोमाग रोजची घोषणा आली, "आहे गं अजून!" तिनेही रोजचेच उत्तर दिले, "कळलं. चहा होतोय." या दोन वाक्यांवर दोघींचा दिवस उभा राहत असे. मग तिने केस विंचरले. कानशिलांवरच्या पांढऱ्या बटा आत दाबून पिना लावल्या. पावाचे दोन तुकडे डब्यात ठेवले. सासूबाईंचा चष्मा, विणकाम आणि काठी त्यांच्या हाताशी येईल असे मांडले. निघण्यापूर्वी ती ग्लासभर पाणी पीत असे. तळाशी एक घोट उरला की तिचा हात आपोआप थांबे आणि तो घोट ती मोरीत ओतून टाकी. पूर्वी सासूबाई विचारायच्या, "तो घोट कुणासाठी राखतेस?" उत्तर मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी विचारणे सोडले, पण बघणे सोडले नव्हते. आजही त्यांनी चहाच्या कपावरून पाहिले. तिने घोट ओतला, ग्लास विसळला, पालथा घातला आणि ती बाहेर पडली.

ती ज्या वाचनालयाची ग्रंथपाल होती, ते एके काळी घोडदळाचे प्रशिक्षणगृह होते. आता वाचकांची लांब टेबले जिथे होती, तिथे पूर्वी भुसा अंथरलेले रिंगण होते आणि नवशिके स्वार त्यात गोल गोल फिरत, पडत, पुन्हा चढत. पागेच्या खणांत आता पुस्तकांची कपाटे होती. अंगणात घोड्यांच्या पाण्याची दगडी डोणी तशीच राहिली होती, वर एक नळ बसवलेला होता. हवा दमट असली की फरशीच्या सांध्यांतून अजूनही घोड्यांचा वास वर येई, आणि नवे वाचक नाक मुरडून इकडेतिकडे पाहत. तिला तो वास आवडे. दालनाच्या दाराशी, आत शिरताना उजव्या हाताला, एक पितळी स्मृतिफलक होता. वरच्या कोपऱ्यात दौडणारा घोडा कोरलेला, मध्ये मोठ्या अक्षरांत एका कप्तानाचे नाव, त्याखाली तो शत्रूशी झुंजताना धारातीर्थी पडल्याचा मजकूर. त्या पलटणीची रीतच होती की स्वाराचा फलक तो पडला तिथे लावायचा नाही, तो पहिल्यांदा घोड्यावर बसला तिथे लावायचा; आणि फलकाखाली एक अरुंद पट्टी घरच्यांसाठी कोरी सोडायची. घरच्यांनी हवे ते लिहावे. या फलकाखालच्या पट्टीवर लिहिले होते, 'आजन्म शोकाकुल पत्नीकडून'. ती पत्नी म्हणजे ही ग्रंथपालच. रोज सकाळी दालन उघडण्याआधी ती स्टुलावर चढून, रुमालाच्या टोकाला चिमूटभर पॉलिश लावून आधी ती पट्टी, मग नाव, मग घोडा पुसत असे. इतकी वर्षे पुसून घोड्याचा डोळा नाहीसा झाला होता. एकदा पहारेकरी म्हणाला होता, "बाई, जरा हात आवरा. अजून थोडी वर्षं असंच घासलंत तर साहेबांच्या घोड्याला खूरसुद्धा उरणार नाहीत."

आज फाटकाशी बाइंडर उभा होता. फाटलेली पुस्तके शिवून, खळ लावून पुन्हा उभी करण्याचे काम तो अंगणाच्या कडेच्या एका खोलीत करीत असे. त्याच्या हातात एक जाडजूड ग्रंथ होता आणि चेहऱ्यावर सुतकी भाव.

"बाई, गुन्हा झालाय. रात्री या व्याकरणाला नवा पुठ्ठा चढवला, खळ ओली होती म्हणून उघडंच ठेवलं. आणि तुमच्या वाचनालयाची ती भुरी मांजर त्यावर झोपली."

"मग?"

"मग काय, उठताना अर्धी शेपूट इथंच ठेवून गेली." त्याने ग्रंथ फिरवून दाखवला. कण्याच्या खालच्या टोकाला भुऱ्या केसांचा एक झुपका पक्का चिकटला होता. "आता हे व्याकरण कपाटात ठेवलं की शेपूट बाहेर राहणार. कुणी ओढली तर म्याव म्हणेल की काय, याची खात्री मी देऊ शकत नाही."

ती हसली. नुसती हसली नाही. पोटातून, आवाज करून हसली, फाटकाचा गज धरून हसली. "कात्री चालवा," ती म्हणाली. "चालवली असती. पण मांजर बघतेय," तो म्हणाला, आणि खरोखरच डोणीच्या काठावर बसून मांजर बघत होती. हसतच ती अंगण ओलांडून आत गेली, खिडक्या उघडल्या, टेबलांवरून फडके फिरवले, आपल्या जागेवर बसली, पेन्सिलीला टोक केले. आणि पेन्सिलीचा बारीक भुगा फुंकताना तिच्या लक्षात आले की आपण फलकापाशी थांबलो नाही.

तिने हाताकडे पाहिले. रुमाल पर्समध्येच होता. बोटांना पॉलिशचा तो आंबूस वास नव्हता. छातीत काहीतरी खाली गेले, जिन्याची एक पायरी कमी असावी तसे. विसरली नव्हती ती; विसरणे म्हणजे आठवण असून ती हाताशी नसणे. इथे आठवणच आली नव्हती. ती आपल्याच दुःखाच्या पाटीखालून हसत हसत निघून गेली होती आणि पाटीने तिला अडवले नव्हते. उठून जावे, आत्ता पुसावे, अजून कुणी आलेले नाही, असे तिला वाटले. पण उशिरा पुसणे हे न पुसण्यापेक्षा खोटे ठरेल असेही वाटले आणि ती तशीच बसून राहिली. मग आपण दुःख करायला हवे, निदान आत्ता, भरपाई म्हणून, असे ठरवून तिने डोळे मिटले आणि त्याचा चेहरा आणायचा प्रयत्न केला. आला तो फोटोतला. गणवेशातला, ताठ, हनुवटी उचललेला. भिंतीवर टांगून टांगून तो चेहरा तिच्या आतही टांगलेला होता. त्याच्यामागून नेहमीची वाक्ये आली, ती तिने इतक्यांदा मनात म्हटली होती की त्यांना आता कड राहिली नव्हती. तिने आणखी जोर केला. तेव्हा चेहऱ्याऐवजी, कुठून कोण जाणे, एक मेज आले. त्यांच्या पहिल्या बिऱ्हाडातले, एक पाय लुळा असलेले मेज. आणि त्या मेजावर तो उभा होता, पायांत बूट, हातात लाटणे. कारण खाली मांजराचे पिल्लू होते.

तो मांजराला भीत असे! बेलगाम घोड्यांना सरळ करणारा, कुंपणावरून उड्या मारणारा तिचा नवरा मुठीएवढ्या पिल्लाला बघून मेजावर चढला होता आणि वरून दबक्या आवाजात म्हणत होता, "हसू नकोस. आधी त्याला बाहेर काढ. आणि पलटणीत कुणाला बोललीस तर बघ." लुळा पाय डगमगला तसा तो लाटण्यासकट तिच्या अंगावर आला आणि दोघे फरशीवर पडून हसत राहिले, पिल्लू त्याच्या बुटाची नाडी चावत राहिले. हे सगळे तिला कधीपासून आठवले नव्हते? फलक लागल्यापासून तर नक्कीच नाही. तिला त्याच्या मानेवरचा घामाचा आणि चामड्याचा वास आला, हसताना त्याचा एक खांदा वर जायचा तो गेलेला दिसला. जे दुःख ती रोज रुमालाने लखलखीत करीत होती, ते दाराशी शिपायासारखे उभे होते. आणि आज ते क्षणभर जागेवरून हलल्याबरोबर हा मेजावरून उडी मारून आत आला होता.

मधल्या वेळी वाचक आले. दोन मध्यमवयीन मैत्रिणी, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या असाव्यात, दाराशी फलकापुढे रेंगाळल्या. एकीने मोठ्याने वाचले, वाचनालयात वाचू नये इतक्या मोठ्याने.

"आजन्म शोकाकुल पत्नीकडून. अगं बाई!"

"बिचारी," दुसरी म्हणाली. "कधीचा आहे गं हा फलक? गेलीही असेल आता."

"गेलीच असणार. असल्या बायका कुठे जगतात फार?"

"शांतता," ग्रंथपाल आपल्या जागेवरून म्हणाली.

दोघींनी दचकून जिभा चावल्या आणि चवड्यांवर चालत कादंबऱ्यांच्या कपाटाकडे गेल्या. नंतर त्यांतली एक पुस्तक घेऊन तिच्यापुढे आली, तिच्याकडे बघून ओशाळवाणे हसली आणि म्हणाली, "माफ करा हं. आमचा आवाज जरा जास्तच." ग्रंथपालने शिक्का मारून पुस्तक दिले. आपण मेलो आहोत असे ऐकल्यावर माणसाला काय वाटावे, हे तिला ठाऊक नव्हते. तिला आधी भूक लागल्यासारखे वाटले. मग राग आला, पण त्या बायकांचा नव्हे. पट्टीवरचे शब्द तिने स्वतःच दिले होते. पलटणीचा एक अधिकारी घरी आला होता, टोपी काखेत धरून, आणि म्हणाला होता, "खालच्या पट्टीवर तीनचार शब्द मावतात. सावकाश कळवा." तिने सावकाश कळवले नव्हते. तिथल्या तिथे, त्याचे वाक्य संपायच्या आत, एका श्वासात सांगितले होते. तेव्हा ते खरे होते. इतके खरे की आजन्म हा शब्द तिला अपुरा वाटला होता. तेव्हाच्या त्या मुलीला खोटे ठरवायचा तिला काय अधिकार? पण त्या मुलीला तरी हिला जन्मभर बांधून घालायचा अधिकार कुणी दिला होता? आणि मध्ये बाइंडर होता. मागच्या आठवड्यात एका जीर्ण पुस्तकाचा जुना दोरा उसवता उसवता, मान वर न करता तो म्हणाला होता, "माझ्याकडे दोन खोल्या आहेत. एकीत ऊन येतं. ती तुमच्या सासूबाईंना. दुसरी... दुसरीत आपण." एवढे बोलून त्याने दोरा इतका जोरात ओढला होता की पुस्तक पुरते मोकळे झाले होते. ती म्हणाली होती, "विचार करून सांगते," जणू नवीन पुस्तकांच्या खरेदीची गोष्ट असावी. त्यानंतर त्याने शब्दाने विचारले नव्हते. फक्त रोज काहीतरी हसण्याजोगे घेऊन फाटकाशी उभा राहत होता.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता घरी गेली. सासूबाई खिडकीशी बसून विणत होत्या. अवेळी आलेली पाहून त्यांनी सुया खाली ठेवल्या.

"काय गं, वाचनालय जळालं का?"

"आई, मी आज फलक पुसला नाही."

"बरं वाटत नाहीये?"

"बरं वाटतंय. म्हणूनच राहिला."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. ही त्यांची विचार करायची पद्धत होती. "बस," त्या म्हणाल्या. ती त्यांच्या पायाशी बसली आणि तिने एका दमात सगळे सांगितले, शेपूट फुटलेले व्याकरण, त्या दोन बायका, मेजावर चढलेला तो. शेवटचे ऐकताना म्हातारी हलू लागली. रडते आहे असे वाटून तिने वर पाहिले, तर सासूबाई हसत होत्या.

"लहानपणी तर धान्याच्या पिंपात उडी मारून बसला होता. वरून झाकण लावून घेतलंन. मांजर बाहेर, हा आत. संध्याकाळपर्यंत शोधत होतो आम्ही." त्यांनी डोळे टिपले. "तुला हे कधी सांगितलं नाही मी. तू अशी त्या फोटोसारखी ताठ. म्हटलं, हिला चालायचं नाही."

"त्या वेळी, पट्टीवर तुम्ही का नाही काही लिहिलंत? आई म्हणून."

"मला काही सुचलं नाही. तुला सुचलं. त्या वयात काहीही सुचतं. मी मनात म्हटलं, पट्टी केवढी आणि शब्द केवढा. पण तू तेव्हा ऐकायच्या अवस्थेत होतीस का?"

"ती पट्टी काढली तर तुम्हाला काय वाटेल?"

"मला विचारतेस? नाव माझ्या लेकाचं आहे, ते राहू दे. पट्टी तुझी, शब्द तुझे." त्यांनी सुया उचलल्या, दोन टाके घातले आणि मग विणकामाकडेच बघत विचारले, "त्या खळवाल्याच्या खोलीत ऊन कोणत्या बाजूनं येतं? सकाळचं की दुपारचं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गुडघे दुखतात माझे. कान शाबूत आहेत. परवा तुझी पिशवी पोचवायला आला होता ना, तर दारात उभा राहून मला विचारत होता, आजी, तुम्हाला ऊन सोसतं का? असं कुणी उगीच विचारतं होय? आणि आजी म्हणाला मला! बरोबरीचाच असल्यासारखा दिसतो स्वतः."

ती वाचनालयात परतली. दुपार लांबत गेली. टेबलांवर उन्हाचे पट्टे सरकले, पाने उलटल्याचा आवाज विरळ झाला. ती बाहेरून शांत होती, कारण शांत राहणे हे तिचे कामच होते. पण मनातल्या मनात एकच दृश्य ती पुन्हापुन्हा पाहत होती, जे तिने कधी पाहिले नव्हते. नवऱ्याचा एक सोबती लढाईवरून परत आल्यावर भेटायला आला होता आणि चुळबुळत म्हणाला होता, "वहिनी, फलकावर लिहितील ते लिहितील. झुंज वगैरे दुसऱ्या दिवशी झाली. आम्ही ओढ्यावर होतो. आमच्यात नियम आहे, आधी घोड्यांनी प्यायचं, मग स्वारानं. घोडे पीत होते. तो लगाम धरून उभा होता. त्याची पाळी यायच्या आतच गोळी आली." त्या दिवसापासून तिच्या ग्लासाच्या तळाशी एक घोट राहू लागला होता. आज प्रथमच तिने त्या दृश्यात ओढ्याकडे न बघता त्याच्याकडे पाहिले. तो तहानलेला होता हे खरे. पण त्याचा तो खांदाही वर गेलेला असणार, कारण घोडे पाणी पिताना नाकातून फुरफुरत आणि त्याला त्याचे नेहमीच हसू येई. तहान तिने इतकी वर्षे सांभाळली होती. हसू तिथेच ओढ्यावर राहिले होते.

शेवटचा वाचक गेला. पहारेकरी मागची दारे लावायला गेला. अंगणात अजून उजेड होता. ती बाइंडरच्या खोलीत गेली. तो शिकंज्यात पुस्तके आवळीत होता. ते व्याकरण वेगळे ठेवलेले होते, शेपटीसकट.

"स्क्रूड्रायव्हर आहे?"

"आहे. कशाला?"

"एक पट्टी काढायची आहे."

त्याने कोणती ते विचारले नाही. मोठा, मधला, लहान असे तीन तिच्यापुढे ठेवले. "मी येऊ? स्टूल हलतं तिथलं."

"नको. हलू दे."

स्टूल खरेच हलत होते. तिने एक हात भिंतीला टेकवला. स्क्रूंच्या खाचा दिसतच नव्हत्या. तिनेच वर्षानुवर्षे लावलेले पॉलिश त्यांत सुकून, पांढरे होऊन, चुन्यासारखे घट्ट बसले होते. तिने केसांतली पिन काढली आणि एकेक खाच कोरून मोकळी केली. पांढरी पूड तिच्या मनगटावर, साडीवर पडत राहिली, मोकळी झालेली बट गालावर आली. पहिला स्क्रू हलेना. तिने दात आवळले, सगळा भार मनगटावर आणला. एक बारीक करकर झाली आणि तो फिरला. दुसरा सहज आला, जणू वाटच बघत होता. पट्टी तिच्या तळहातावर आली, वाटली होती त्यापेक्षा कितीतरी हलकी. भिंतीवर तिच्या मापाची एक स्वच्छ जागा उमटली होती, जुना रंग तिथे अजून ताजा होता. दोन भोके उघडी वाईट दिसू लागली, म्हणून तिने दोन्ही स्क्रू पुन्हा त्यांत बसवून टाकले. वरच्या फलकाला तिने हात लावला नाही. एका दिवसात त्यावर अगदी पुसटशी झाक आली होती आणि तिरप्या उजेडात नावाची अक्षरे कालच्यापेक्षा जास्त वाचता येत होती. तिने ते नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचले, परक्या माणसाचे वाचावे तसे, आणि मग ओळखीच्या माणसाचे वाचावे तसे. पट्टी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. स्टूल जागेवर नेऊन ठेवले.

बाइंडर आपल्या खोलीच्या दारातच उभा होता. तिने स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला. त्याने तिच्या मनगटावरची पांढरी पूड पाहिली, गालावरची बट पाहिली, आणि विनोद करायला उघडलेले तोंड मिटले.

"रविवारी घरी या," ती म्हणाली. "सकाळी या, दुपारी आई झोपतात. खोलीत ऊन कोणत्या बाजूनं येतं ते त्यांना नीट सांगा. आणि आजी म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"ते त्याच सांगतील तुम्हाला. न विचारता सांगतील."

त्याने मान हलवली, आणि मान हलवून झाल्यावरही ती हलतच राहिली. ती अंगणात आली. सकाळपासून तिच्या पोटात अन्न नव्हते की पाणी. डोणीच्या काठावरून मांजर उठली, आळस देऊन बाजूला झाली. तिच्या शेपटीला एके ठिकाणी केस नव्हते. तिने पर्स काठावर ठेवली, नळ सोडला, आणि आधी हात धुतले, पॉलिशची पूड जाईपर्यंत. मग दोन्ही हातांची ओंजळ केली, खाली वाकली आणि प्यायली. पुन्हा भरली, पुन्हा प्यायली. तिसऱ्या ओंजळीच्या तळाशी घोटभर पाणी राहिले तेव्हा हात सवयीने थांबले. तिने क्षणभर त्या पाण्यात पाहिले आणि तेही पिऊन टाकले.